घरची बिअर : आधी निवळवणे, मग बाटलीत मुरवणे

लीड्सकर

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागात राहतो आणि गेली तीन वर्षे घरी बिअर बनवतो. घरगुती बिअरसाठी परवाना घेण्याची अट येथे १९६३ साली उठली, त्यामुळे स्वतःच्या घरापुरती, विक्रीसाठी नसलेली बिअर बनवण्यास काही आडकाठी नाही. हा धागा एका अडचणीसाठी काढला आहे. मात्र निवळवणे आणि बाटलीत मुरवणे (म्हणजे थोडी साखर घालून बाटलीतच वायू तयार होऊ देणे) या दोन्ही कामांवर मराठीत सविस्तर लिहिले जावे, अशीही इच्छा आहे.

गेल्या खेपेस इंग्लिश पद्धतीची २० लिटर बिटर केली. माल्ट मॅरिस ऑटर, हॉप्स ईस्ट केंट गोल्डिंग्ज आणि यीस्ट एस-०४ वापरले. आरंभीची घनता (पाण्याच्या तुलनेत; साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.०४४ होती, १९ ते २० अंशांवर चौदा दिवस आंबल्यावर ती १.०११ वर येऊन थांबली आणि सलग तीन दिवस तेथेच राहिली. त्यानंतर संपूर्ण पिंप जुन्या फ्रिजमध्ये २ अंशांवर तीन दिवस ठेवले, ३ ग्रॅम जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून त्यात घातले आणि आणखी दोन दिवस थांबलो. बाटल्या भरताना साखर किती घालावी याचे गणित एका कॅलक्युलेटरवर केले. त्याने बिअरचे तापमान विचारले, मी २ अंश लिहिले आणि उत्तर आले ४६ ग्रॅम. तेवढीच साखर घातली.

आज पाच आठवडे झाले. बाटल्या २० अंशांच्या खोलीत ठेवल्या होत्या. पेला वर्तमानपत्रावर धरला तर पलीकडची अक्षरे वाचता येतात इतकी बिअर नितळ आहे, परंतु तिच्यात जीव नाही. ओतताना थोडा फेस येतो आणि मिनिटभरात विरतो. जिलेटिनने सगळे यीस्ट खाली नेले आणि बाटलीत साखर खाणारे कोणी उरलेच नाही, असा माझा समज झाला आहे. तसे असेल तर निवळवणे कायमचे सोडून द्यावे लागेल, आणि ते करण्यास मन तयार होत नाही.

प्रयोगवही

लीड्सकर, तुम्ही आकडे इतके नीट दिले आहेत की कारण त्यांतच सापडते. दोष जिलेटिनचा नाही. कॅलक्युलेटरमध्ये भरलेल्या तापमानाचा आहे. हे थोडे विस्ताराने लिहितो, कारण बिअर थंड करून निवळवणाऱ्या अनेकांची हीच चूक होते.

एका लिटर बिअरमध्ये किती लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला आहे, त्या प्रमाणाला व्हॉल्यूम म्हणतात. आंबणे चालू असताना बिअर स्वतःच वायू तयार करते आणि तापमानानुसार त्यातला काही भाग धरून ठेवते. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये सुमारे ०.८५ व्हॉल्यूम वायू शिल्लक असतो. २ अंशांवरची बिअर सुमारे १.६ व्हॉल्यूम धरू शकते हे खरे, पण धरू शकते म्हणजे धरलेला असतो असे नव्हे. तुमची बिअर थंड झाली तेव्हा आंबणे संपलेले होते आणि नवा वायू कोठूनही येणार नव्हता. पिंपातील रिकाम्या जागेतला थोडा वायू आत शोषला गेला असेल, तेवढाच. म्हणून कॅलक्युलेटरला बाटली भरतानाचे तापमान द्यायचे नसते. आंबणे संपल्यानंतर बिअरने गाठलेले सर्वांत जास्त तापमान द्यायचे असते.

आता हिशेब. ढोबळमानाने एका लिटरमध्ये एक व्हॉल्यूम वायू वाढवण्यासाठी ४ ग्रॅमला किंचित कमी साधी साखर लागते. तुम्हाला २.२ व्हॉल्यूम हवे होते असे धरतो. २० अंशांच्या हिशेबाने १.३५ व्हॉल्यूमची भर हवी होती, म्हणजे २० लिटरला सुमारे १०३ ग्रॅम साखर. यंत्राने मात्र १.६ आधीच आहेत असे मानून फक्त ०.६ ची भर सांगितली, त्यामुळे ४६ ग्रॅम आले. प्रत्यक्षात तुमच्या बाटलीत दीडच्या आसपास व्हॉल्यूम वायू असणार. पबमधल्या पिंपातून ओढलेल्या बिटरमध्ये साधारण एवढाच किंवा त्याहून कमी वायू असतो, परंतु तेथे हातपंपाने ओढताना फेस उठतो. बाटलीतून सरळ ओतलेल्या बिअरला ती सोय नसते, म्हणून ती मेलेली वाटते.

यीस्टविषयी एवढेच सांगतो की डोळ्यांना नितळ दिसणारी बिअर यीस्टविरहित नसते. जिलेटिन घालून पाच-सात दिवस थंडीत ठेवलेल्या बिअरच्या प्रत्येक मिलिलीटरमध्येही लाखांच्या घरात पेशी तरंगत असतात, आणि बाटलीतली थोडीशी साखर संपवायला त्या पुरतात. फार तर दोनऐवजी तीन आठवडे लागतील.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याऐवजी पडताळून पाहा. चार बाटल्या फ्रिजमध्ये अगदी गार करा. दोन बाटल्या उघडून प्रत्येकी १.४ ग्रॅम साखर घाला आणि लगेच नवे झाकण लावा. साखरेचे कण पडताच फेस उसळतो, म्हणून झाकण आणि ते दाबण्याचे यंत्र हाताशी असू द्या. उरलेल्या दोन बाटल्यांत कोरड्या यीस्टचे आठ-दहा दाणे टाका, साखर घालू नका. चारही बाटल्या एका झाकणाच्या खोक्यात २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. साखरेच्या बाटल्या जिवंत झाल्या तर साखर कमी पडली होती, यीस्टच्या बाटल्या जिवंत झाल्या तर यीस्ट.

सातूदाणा

या धाग्यामुळे बऱ्याच दिवसांचा प्रश्न विचारण्याचे धैर्य आले. मी शाकाहारी आहे आणि जिलेटिन हाडे व कातडी यांपासून बनते, त्यामुळे ते मला चालत नाही. त्याऐवजी आपल्याकडे पुडिंगला वापरतात ते चायना ग्रास वापरले तर चालेल का? तेही गोठवतेच.

आणि मुळात जिलेटिनने बिअर निवळते कशी, हे कोणी सोप्या शब्दांत सांगेल का?

प्रयोगवही

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवलेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. काही गावांत त्यासाठी निवळीचे बी हंड्याच्या आतल्या बाजूस घासत. झाडाला ते नाव मिळाले तेच मुळी या कामावरून. मातीचे बारीक कण ऋणभारित असतात आणि एकमेकांना दूर लोटत राहतात, म्हणून ते तळाशी बसत नाहीत. तुरटीतील अॅल्युमिनियमचा धनभार त्यांचा ऋणभार मोडतो, कण एकत्र येतात, जड होतात आणि बसतात. बिअरमध्ये यीस्टच्या पेशींचा पृष्ठभाग ऋणभारित असतो आणि जिलेटिन धनभारित असते. तत्त्व तेच. (तुरटी किंवा निवळी बिअरमध्ये घालू नये, हे दाखल्यासाठी लिहिले आहे.)

म्हणजे जिलेटिन गोठते म्हणून निवळवत नाही, त्याचा भार निवळवतो. ३ ग्रॅम जिलेटिन २० लिटरमध्ये गोठण्याचा प्रश्नच नसतो. चायना ग्रास हे समुद्री शेवाळापासून मिळणारे पिष्टसदृश द्रव्य आहे, प्रथिन नव्हे, आणि त्याच्याकडे तो धनभार नाही. शिवाय त्याचे द्रावण ३५ ते ४० अंशांच्या आसपास गोठू लागते, त्यामुळे गार बिअरमध्ये ओतताच गोळे होतील. ते वापरू नका.

शाकाहारी मार्ग वेगळे आहेत आणि चांगले आहेत. वर्ट (माल्ट भिजवून काढलेले गोड पाणी) उकळताना शेवटच्या १० ते १५ मिनिटांत आयरिश मॉस किंवा त्यापासून बनवलेली गोळी घालावी. हेही समुद्री शेवाळच आहे, पण त्यातील कॅराजीनन ऋणभारित असते आणि ते प्रथिनांना पकडून पातेल्याच्या तळाशी नेते. याने यीस्ट बसत नाही. पुढे धूसरपणा आणणारी प्रथिने मात्र आधीच कमी होतात. यीस्टसाठी सिलिकायुक्त द्रावणे मिळतात, तीही प्राणिजन्य नसतात. आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे थंडी आणि वेळ. लीड्सकरांनी वापरलेले एस-०४ हे यीस्ट स्वतःहूनच घट्ट बसते, इतके की बाटलीच्या तळाला चिकटून राहते आणि ओतताना सहज उठत नाही. त्याऐवजी यूएस-०५ हे यीस्ट वापरले तर बसायला जास्त दिवस लागतात आणि गाळ भुरभुरीत राहतो. बाटलीत मुरवायची बिअर असेल तर यीस्ट निवडतानाच हा विचार व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

खाडीकाठ

मी स्वतः बिअर बनवत नाही. पालघरच्या किनाऱ्यावरचा आहे आणि या चर्चेतील एका गोष्टीशी आमच्या गावाचा संबंध आहे, म्हणून लिहितो.

इंग्लंडमधील पिंपातली बिअर निवळवण्यासाठी आयसिंग्लास वापरतात, म्हणजे माशाच्या पोटातील हवेची पिशवी वाळवून तिच्यापासून केलेला पदार्थ. पूर्वी तो रशियाकडून स्टर्जन माशाचा येत असे आणि महाग पडे. विल्यम मर्डॉक या स्कॉटिश अभियंत्याने, ज्याचे नाव कोळशाच्या वायूच्या दिव्यांशी जोडले जाते, १७९५ च्या सुमारास कॉड माशाच्या पिशवीपासून स्वस्त पर्याय काढला. आमच्याकडे घोळ माशाच्या पोटातील हीच पिशवी, जिला कोळी लोक बोत म्हणतात, माशाच्या मांसापेक्षा कितीतरी महाग विकली जाते. ती वाळवून निर्यात होते. बहुतांश पूर्व आशियात खाण्यासाठी जाते, परंतु मद्य निवळवण्याचा तिचा उपयोगही जुना आहे. घोळ जाळ्यात आली की बोत फाटू न देता काढणे हे जाणत्या हाताचे काम मानतात.

लीड्सकर

खाडीकाठ, ही माहिती येथे मिळेल असे वाटले नव्हते. मनापासून आभार. येथील पबमध्ये अजूनही अनेक ठिकाणी आयसिंग्लास वापरतात, मात्र गिनेसने त्याचा वापर बंद करण्याचे २०१५ साली जाहीर केले तेव्हापासून शाकाहारी पर्यायांकडे ओढा वाढला आहे. आयसिंग्लास घरी वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे: ते जिलेटिनसारखे गरम करू नये. उष्णतेने त्यातील कोलॅजनची रचना मोडते आणि ते साध्या जिलेटिनवर येते. उलट जिलेटिन ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात विरघळवावे लागते, उकळू मात्र द्यायचे नाही.

प्रयोगवहींनी सांगितलेल्या चार बाटल्या काल तयार केल्या. साखर घालताना पहिल्या बाटलीत फेस एवढा उसळला की अर्धा पेला बिअर सांडली. दुसरीच्या वेळी साखर कागदाच्या नरसाळ्यातून एकदम सोडली आणि झाकण लगेच दाबले, तेव्हा साधले.

ऱ्हाइनकर

मी जर्मनीत असतो आणि माझी वाट जरा निराळी आहे, म्हणून विरोधी बाजू मांडतो. प्रत्येक बिअर नितळ असावी हा आग्रह मला पटत नाही. मी बहुधा गव्हाची बिअर करतो. तिचा दुधाळपणा हा दोष नसून तिचे रूप आहे. त्यात यीस्टही आहे आणि गव्हाची प्रथिनेही. येथे बाटलीतली तीन चतुर्थांश बिअर ओतून झाली की बाटली हलकेच गोल फिरवतात आणि तळाचे यीस्ट मुद्दाम पेल्यात घेतात. त्यात जिलेटिन घालणे म्हणजे ताकातले लोणी काढून वर पाणी वाढण्यासारखे आहे.

साखरेबद्दलही येथील जुनी रीत वेगळी आहे. बिअरमध्ये फक्त सातू, हॉप्स आणि पाणी असावे या बवेरियातील १५१६ च्या नियमाच्या परंपरेत बिअरमध्ये वेगळी साखर घालत नाहीत, म्हणून उकळलेल्या वर्टचाच काही भाग यीस्ट घालण्यापूर्वी बाजूला काढून निर्जंतुक बाटलीत थंड ठेवतात आणि बाटल्या भरताना तो परत मिसळतात. त्याला श्पाइजे म्हणतात. शब्दाचा अर्थ अन्न. आपण दह्याला विरजण राखून ठेवतो त्याची येथे उलटी बाजू आहे: तेथे जिवाणू राखतात, येथे यीस्टचे खाद्य. १.०५० घनतेच्या गव्हाच्या बिअरला साडेतीन व्हॉल्यूमपर्यंत न्यायचे असेल तर बिअरच्या सुमारे सातव्या भागाएवढे श्पाइजे लागते. एवढ्या दाबाला जाड काचेच्याच बाटल्या हव्यात. साध्या बाटलीत मी तीन व्हॉल्यूमच्या वर कधी जात नाही.

प्रयोगवही

ऱ्हाइनकर, गव्हाच्या बिअरबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे आणि ते नोंदवले हे बरे केले. कोणती बिअर निवळवायची हे तिच्या जातीवर ठरते. बिटर किंवा पिल्सनर यांच्या चवीत मात्र तरंगते यीस्ट कडवट, पावासारखी झाक आणते, म्हणून तेथे नितळपणा केवळ डोळ्यांसाठी नसतो.

दाबाचा विषय निघालाच आहे तर बाटल्या फुटण्याविषयी लिहितो, कारण या छंदातला खरा धोका तोच आहे. काचेचे तुकडे खोलीभर उडतात. माझ्या एका मित्राच्या कपाटात रात्री तीन बाटल्या फुटल्या. सुदैवाने दार बंद होते.

साखर जास्त पडणे हे एक कारण, पण अनेकदा कारण असते ते अर्धवट आंबलेली बिअर. घनतेचा एक अंश, म्हणजे १.०११ वरून १.०१० वर येणे, सुमारे अर्धा व्हॉल्यूम वायू देतो. १.०१० वर थांबायची बिअर तुम्ही १.०१४ वर बाटलीत भरली तर साखरेच्या वायूवर आणखी दोन व्हॉल्यूम चढतात. म्हणून एअरलॉकमधले (पिंपातला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले यावर विसंबू नये. हायड्रोमीटरने (घनता मोजण्याच्या साधनाने) तीन दिवस एकच आकडा मिळाला पाहिजे. थंड करण्यापूर्वी मोजावे, कारण थंडीत यीस्ट झोपते आणि आकडा स्थिर दिसतो. आंबल्यानंतर हॉप्स घालणाऱ्यांनी अधिक थांबावे. हॉप्समधील विकरे उरलेल्या मोठ्या शर्करा तोडतात आणि आंबणे पुन्हा सुरू होते. सेझोन या बेल्जियन बिअरच्या काही यीस्ट जाती हेच काम आठवडेच्या आठवडे सावकाश करत राहतात.

माझी एक सवय सांगतो. प्रत्येक खेपेस एक प्लास्टिकची शीतपेयाची बाटली इतरांबरोबर भरतो. रोज तिला अंगठ्याने दाबून पाहिले की आत काय चालले आहे ते कळते. ती दगडासारखी टणक झाली की काचेच्या बाटल्याही तयार आहेत असे समजावे, आणि तीन-चार दिवसांतच तशी झाली तर सर्व बाटल्या ताबडतोब थंडीत हलवाव्यात.

मुळामुठा

पुण्याहून लिहितो आहे. हे सर्व वाचून येथे घरी करून पाहण्याची इच्छा झाली आहे. साहित्य ऑनलाइन मिळते. काही हरकत नसावी ना?

लीड्सकर

मुळामुठा, हरकत आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरापुरते केले म्हणून त्यातून सुटका नाही. साहित्य मिळते याचा अर्थ अनुमती आहे असा होत नाही. पुण्यात स्वतःची बिअर बनवणारी परवानाधारक ठिकाणे आहेत. त्यांपैकी कोणी काम दाखवत असेल तर तेथे जाऊन पाहा. आले-गूळ किंवा लिंबू यांचे बिनमद्याचे पेय मात्र साध्या सोड्यावर अवश्य करा.

सातूदाणा

मी अमेरिकेत न्यू जर्सीत आहे, येथे अडचण नाही. प्रयोगवहींच्या सांगण्यावरून गेल्या खेपेस आयरिश मॉस घातले. बिअर खोलीच्या तापमानाला नितळ दिसते, परंतु फ्रिजमधून काढली की पुन्हा धूसर होते. हे यीस्ट आहे का?

प्रयोगवही

नाही. थंडीत धूसर आणि उबेत नितळ, ही खूण प्रथिने आणि पॉलिफिनॉल यांच्या जोडीची आहे. माल्ट आणि हॉप्स यांतील पॉलिफिनॉल, म्हणजे तुरट द्रव्ये, थंडीत प्रथिनांना सैलसे धरतात आणि २० अंशांच्या आसपास सोडतात. पेला दोन्ही तळव्यांत धरून दहा मिनिटे बसा. निवळला तर निदान पक्के. न निवळल्यास यीस्ट किंवा पिष्ट असण्याची शक्यता आहे. पिष्ट आहे की नाही हे बशीत काढलेल्या चमचाभर बिअरवर आयोडिनचा थेंब टाकून कळते, ते काळे-निळे झाले तर माल्ट भिजवताना काम अपुरे राहिले. आयोडिन घातलेली ती चमचाभर बिअर टाकून द्यावी.

उपाय दोन. उकळल्यानंतर वर्ट शक्य तितक्या लवकर गार करा, म्हणजे ही प्रथिने पातेल्यातच गाळाबरोबर बसतील. आणि बाटल्या मुरल्यानंतर त्या ०-२ अंशांवर दोन-तीन आठवडे उभ्या ठेवा. धूसरपणा थंडीतच तयार होतो, त्यामुळे थंडीतच तो खाली बसवता येतो. उबेत ठेवून वाट पाहिली तर काही होणार नाही.

लीड्सकर

दोन आठवडे पूर्ण झाले. आज चारही बाटल्या एक रात्र फ्रिजमध्ये ठेवून उघडल्या.

यीस्टचे दाणे घातलेल्या दोन्ही बाटल्या होत्या तशाच आहेत, फक्त तळाशी थोडा अधिक गाळ आला आहे. साखर घातलेल्यांपैकी जी सांडली होती ती थोडी कमी, पण दुसरी उघडताना तो ओळखीचा आवाज आला आणि पेल्यावर बोटभर पांढरा फेस शेवटपर्यंत टिकला. बिअर तितकीच नितळ आहे. तळाशी यीस्टचा कागदासारखा पातळ थर आहे आणि शेवटचे सेंटिमीटरभर सोडून सारी बाटली एका हाताने सावकाश ओतली तर तो जागचा हलत नाही. जिलेटिनवर उगाच दोष ठेवला होता.

उरलेल्या चौतीस बाटल्यांत एकेक करून साखर घालणार नाही. एवढी झाकणे उघडली की हवा आत जाते आणि महिन्याभरात भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. त्यापेक्षा ही खेप सौम्य बिअर म्हणून, पेल्यात जरा उंचावरून ओतून पिऊ.

पुढची खेप परवा पातेल्यावर चढते आहे. या वेळी आयरिश मॉस आणि जिलेटिन दोन्ही असतील, हिशेब २० अंशांवर असेल, आणि १०३ ग्रॅम साखर पाव लिटर पाण्यात पाच मिनिटे उकळून, तो पाक निवल्यावर रिकाम्या पिंपाच्या तळाशी ओतून त्यावर नळीने, खळखळ न होऊ देता, बिअर सोडणार आहे. एक प्लास्टिकची बाटलीही धुऊन ठेवली आहे.